नेच्याची पानं कोण खातंय?

प्रश्न : सावलीत बर्ड्स नेस्ट फर्न आणि बोस्टन फर्न लावले आहेत. कोवळ्या पानांना भोकं पडताहेत, शिवाय बर्ड्स नेस्टवर काळपट पट्टे उमटलेत. दिवसा कीड दिसत नाही. कोणतं औषध मारू?

उत्तर : अजून कोणतंच मारू नका. भोकं आणि पट्टे यांची कारणं वेगळी असणार, आणि नेचे (म्हणजेच फर्न) फवारणीनं फार पटकन करपतात.

आधी भोकं. अंधार पडून दोनेक तास झाले की टॉर्च घेऊन पानांची खालची बाजू, गुंडाळलेले कोंब आणि कुंडीचा तळ तपासा. गोगलगाय असेल तर वाळलेला चकचकीत माग सापडतो. भोकं एका ओळीत आणि सारख्या आकाराची असतील, तर पान गुंडाळलेलं असतानाच ते आरपार खाल्लं गेलंय. ते उलगडल्यावर एकाच घावाची अनेक भोकं दिसतात. माग नाही, पण खालच्या पानांवर हिरवट-काळे दाणे पडलेत, तर ती अळीची विष्ठा. अळी बहुतेकदा पानाच्याच रंगाची असते, म्हणून दाणे दिसले की त्यांच्या बरोब्बर वर शोधा. बोस्टन फर्नवर ती पर्णिका फस्त करून नुसती काडी ठेवते.

अळ्या हातानं वेचा. फार झाल्या तर बीटी हे जैविक कीटकनाशक संध्याकाळी फवारा. ते पोटात गेलं तरच काम करतं आणि लहान अळ्यांवरच नीट लागू पडतं. गोगलगायींसाठी रात्री ओलं गोणपाट अंथरून सकाळी त्याखालच्या गोळा करा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाळा, त्या कुत्र्यांना घातक असतात.

आता पट्टे, आणि खरी काळजी यांचीच. पट्टा मधल्या शिरेपासून कडेकडे सरळ जात असेल आणि त्याच्या बाजू रेघ मारल्यासारख्या ठळक असतील, तर पानातल्या सूत्रकृमींचा (धाग्यासारख्या अतिसूक्ष्म कृमींचा) संशय घ्या. शिरा आड येत असल्यानं त्यांना आडवं पसरता येत नाही, म्हणून डाग पट्ट्यासारखा दिसतो. खात्री करायची तर काळ्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवरचा तुकडा बारीक कातरून काचेच्या वाटीत, पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी बाजूनं उजेड टाकून चांगल्या भिंगातून पाहा : एक मिलिमीटरहूनही लहान, वळवळणारे पारदर्शक धागे दिसतील. एकदा दिसले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका, ताज्या पट्ट्याचा तुकडा घेऊन पुन्हा पाहा.

यावर घरगुती औषध नाही. बाधित पानं बुडापासून कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. वाळलेल्या पानातही हे कृमी टिकतात. ओल्या पानावरच्या पाण्याच्या थरातून ते पसरतात, म्हणून वरून पाणी घालणं थांबवा, मुळाशी घाला, आणि कुंड्या एकमेकींना टेकणार नाहीत इतक्या लांब ठेवा. निम्म्याहून जास्त पानं गेली असतील तर झाड काढून टाकलेलंच बरं, बाकीचे नेचे तरी वाचतील.

प्रश्न : पानांच्या खाली तपकिरी ठिपके आहेत. खवले कीड समजायची का?

उत्तर : ठिपके फक्त खालच्या बाजूला, ठरावीक अंतरानं, मांडणीत असतील तर ते बीजाणूंचे पुंज (नेच्याला बियांच्या जागी बीजाणू असतात), पुसू नका, कापू नका. खवले कीड कशीही विखुरते, देठावरही चढते, आणि नखानं अलगद उचलली की अख्खा खवला निघतो. पांढऱ्या बारीक काड्या दिसल्या तर त्याही खवले किडीच्याच, नरांच्या. ओल्या कापसानं पुसून काढा. उरलीच तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर सौम्य द्रवसाबण घालून आधी एकाच पानावर लावा आणि दोन दिवस थांबा. हंसराज या नाजूक नेच्यावर (मेडनहेअर फर्न) मात्र साबणही नको.

प्रश्न : फक्त टोकं वाळताहेत, बाकी पान हिरवंगार आहे.

उत्तर : ही कीड नव्हे. हवा कोरडी असेल, माती मध्येच सुकत असेल किंवा खताचे क्षार साचले असतील. कुंडीच्या तळच्या भोकातून पाणी भरपूर वाहून जाईल असं एकदा घाला, आणि पुढचं खत निम्म्या मात्रेनं द्या. वाळलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे फरक नव्या पानात शोधा.