उडता शार्क तिसऱ्या दिवशी खाली का बसतो?

प्रश्न: मुलाच्या वाढदिवसाला रिमोटवर चालणारा हेलियमचा शार्क आणला. दोन दिवस हॉलभर मस्त पोहत होता, तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पोट फरशीला टेकलेलं. हेलियम परत भरायचा म्हणजे बराच खर्च आहे, कोपऱ्यावरच्या फुगेवाल्याकडून थोडा गॅस मारून घेतला तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: आधी फुगेवाल्याचं सांगतो, कारण बाकी सगळं नंतर बघता येईल. अजिबात भरू नका. रस्त्यावर बऱ्याचदा हेलियम नसतोच, लोखंडी टाकीत कॉस्टिक सोडा आणि अॅल्युमिनियमचे तुकडे टाकून हायड्रोजन बनवतात, तो पेटतो आणि तुमच्या शार्कच्या पोटाखाली मोटर, बॅटरी, वायरी आहेत. शिवाय हायड्रोजन हेलियमपेक्षा फक्त आठेक टक्के जास्त उचलतो, तेवढ्यासाठी घरात पोरांच्या डोक्यावर आग कशाला लटकवायची?

आता शार्क का बसला ते. एक लिटर हेलियम समुद्रसपाटीला जेमतेम एक ग्रॅम उचलतो, म्हणजे शंभर लिटरचा फुगा असेल तर फॉइल, मोटर, सेल सगळं मिळून शंभर ग्रॅमच्या आत बसवायचं. त्यात पुणं 560 मीटर उंचीवर, वर मे महिन्याचा उकाडा, हवाच विरळ, त्यामुळे टम्म फुगवलेल्या फुग्याची ताकद दहाएक टक्क्यांनी कमी पडते. शंभर ग्रॅममधले दहा ग्रॅम असेच गेले!

म्हणून गॅस भरायच्या आधी वजन उतरवा. पोटाखाली बॅलन्ससाठी क्ले चिकटवलेला असतो, तो चिमटीचिमटीने काढत जा. ट्रिपल ए सेल असतील तर साध्या अल्कलाइनचा एक सेल साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरतो, लिथियमचा साडेसात, तीन सेल बदलले तर बारा ग्रॅम वाचतात आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच शार्क परत उठतो. किचनचा वजनकाटा जवळ ठेवा, अंदाजाने करू नका.

एसीच्या खोलीत फुगा सुरकुतला म्हणून लगेच गॅस मारू नका हं, ही चूक फार जण करतात. थंडीने आतला हेलियम आकसतो पण बाहेरची हवाही तेवढीच जड होते, त्यामुळे उचल जवळपास तीच राहते. वरून गॅस भरलात आणि मग शार्क उन्हाच्या खोलीत नेलात तर शिवण फाटते.

सगळं करूनही रोज बसत असेल तर मात्र गळती आहे. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच बघायचं, फक्त पाण्यात बुडवायचं नाही, ब्रशने साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर आणि कडांच्या जोडावर लावायचं, बुडबुडा आला की जागा कोरडी पुसून पातळ सेलोटेपचा लहानसा तुकडा लावायचा, टेपचंही वजन असतं हे लक्षात ठेवून. गॅस भरायची नळी व्हॉल्व्हमध्येच राहिली नाही ना तेही बघा, तिथूनच रात्रभर गॅस जातो. फॉइल चांगली असेल तर हेलियम बरेच दिवस टिकतो, रबरी फुग्यासारखा रातोरात जात नाही.

शेवटी पंखा बंद करून शार्क छातीच्या उंचीवर सोडून बघा. तरंगत अगदी हळू खाली यायला हवा. वर जात असेल तर थोडा क्ले परत लावा, नाहीतर सेल संपले की तो छताला जाऊन चिकटेल आणि तिथून काढताना पंख्याचं पातं लागून फाटेल.