वाचकांचे प्रश्न : हौशी बँडमधली बेसगिटार

आठवडाभर नोकरी आणि रविवारी जॅमिंग करणाऱ्या, गाजलेली हिंदी-मराठी गाणी वाजवणाऱ्या बँडमधल्या बेसवादकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांमागची तक्रार एकच आहे : बेस नीट ऐकू येत नाही. त्यावर आवाज वाढवणं हा उपाय क्वचितच असतो. बहुतेक वेळा बेससाठी जागा मोकळी करावी लागते.

आमची जॅमरूम दहा बाय बाराची आहे. तिथे ‘ए’ची मोकळी तार (कुठेही न दाबता) वाजवली की भिंती हादरतात, पण बाकीचे काही सूर गायबच होतात. घरी हाच अँप (अँप्लिफायर) छान वाजतो. अँप बिघडलाय का? (ठाणे)

अँप ठीक आहे, हा खोलीचा प्रताप आहे. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लहर बरोबर बसते, तो सूर तिथे घुमतो. बारा फुटांच्या लांबीत हा आकडा साधारण ४७ हर्ट्झ येतो, म्हणजे जवळपास ‘ई’च्या तारेवरच्या दुसऱ्या फ्रेटचा (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) एफ शार्प. दहा फुटांत तो ५६ हर्ट्झच्या आसपास येतो आणि ‘ए’ची मोकळी तार ५५ हर्ट्झची असते. तुमच्या खोलीचं छतही दहा फुटांवर असेल, तर त्याच सुराला दोन्हीकडून जोर मिळतो. उलट खोलीच्या बरोबर मध्ये उभं राहिलं की हेच सूर पोकळ वाटतात. म्हणून एकाच वेळी ड्रमर म्हणतो ‘बेस कमी कर’ आणि तुम्ही म्हणता ‘मला ऐकूच येत नाही’. दोघंही खरं बोलत असतात.

आधी अँप कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात. मग अँप स्टुलावर ठेवा किंवा मागे कलता करा, म्हणजे स्पीकरचं तोंड गुडघ्यांकडे न राहता कानांकडे येईल. ग्राफिक इक्वलायझर (वेगवेगळ्या उंचीचे सूर कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या) असेल तर ५० ते ६३ हर्ट्झच्या पट्ट्या ४ ते ६ डेसिबलने खाली घ्या आणि २५० ते ८०० हर्ट्झचा भाग थोडा वर. बँडमध्ये बेसचा सूर कानाला ओळखू येतो तो याच मधल्या भागामुळे. घरी एकट्याने वाजवताना खालचं आणि वरचं वाढवून मधलं कापलेला आवाज गोड लागतो. ड्रम आणि गिटार सुरू झाले की तोच आवाज विरघळून जातो. भिंतीला दोन इंची फोम लावायचा विचार असेल तर थांबा. तो झांजांची किणकिण कमी करेल, पण ५५ हर्ट्झची लहर सहा मीटरहून लांब असते, तिला तो रोखणार नाही. आणि ‘ए’ हाच सूर ‘ई’च्या तारेवर पाचव्या फ्रेटला वाजवूनही घुमणं थांबणार नाही, कारण मूळ कंपनं तीच राहतात.

आमचा कीबोर्डवाला डाव्या हाताने सतत खालचे सूर धरून ठेवतो. सांगितलं तर त्याला राग येतो. काय करावं? (नाशिक)

एकट्याने कार्यक्रम केलेल्या कीबोर्डवादकांना ही सवय असतेच, आणि तिथे ती हवीही असते. तुमच्या बँडमध्ये मात्र त्यामुळे दोन बेस होतात. तुमचा ‘ए’ ५५.५ हर्ट्झवर असला आणि त्याचा ५५ वर, तर दर दोन सेकंदांनी आवाज फुगतो आणि मावळतो. ऐकणाऱ्याला त्यातला बेसुरेपणा कळत नाही, सगळं गढूळ झालंय एवढंच कळतं.

त्याला ‘कमी वाजव’ म्हणू नका, हद्द ठरवून घ्या. मधल्या सी च्या खालचा जो सी आहे, १३१ हर्ट्झचा, त्याच्या खाली डावा हात जाणार नाही, असं ठरवा. तुम्ही वाजवत नसाल अशा संथ सुरुवातींमध्ये त्याला पूर्ण मोकळीक द्या. तो स्टाइल (कीबोर्डमधली तयार साथ) लावून वाजवत असेल तर त्या स्टाइलमधला बेसचा भाग म्यूट करता येतो. हे बटण दाबायचं राहिलं की गाण्याच्या सुरुवातीलाच गोंधळ उडतो. ऑक्टोपॅडवरच्या (इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅडवरच्या) किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमचा, आवाज लांबणारा असेल तर त्याचा डिके (आवाज विरत जायचा वेळ) कमी करायला सांगा. एक रेकॉर्डिंग डाव्या हातासह आणि एक त्याशिवाय करून दोन्ही सगळ्यांना ऐकवा. असे वाद वाजवून मिटवलेले बरे.

गायिका ऐन वेळी पट्टी बदलते. पांढरी तीनमध्ये (‘ई’) बसवलेलं गाणं कार्यक्रमात काळी दोनमध्ये (‘ई फ्लॅट’) घ्यावं लागलं. माझी मोकळ्या ‘ई’ तारेवरची सगळी वाजवणी फसली. (पुणे)

गळ्याला त्या दिवशी जे झेपतं तेच ती गाणार, आणि तिने तसंच गावं. तयारी आपण ठेवायची. गाणं बसवतानाच ते एकदा मोकळ्या तारांशिवाय वाजवून पाहा. हाताचा साचा पक्का असला की पट्टी अर्ध्या सुराने बदलली तरी हात एक फ्रेट सरकवला की काम झालं. अडचण येते ती फक्त सर्वांत खालच्या सुराला. चार तारांवर ‘ई’च्या खाली काहीच नसतं, त्यामुळे काळी दोनचा सा एक सप्तक वर घ्यावा लागतो. पाच तारांच्या बेसवर तो ‘बी’च्या तारेवर चौथ्या फ्रेटला मिळतो. सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवणं हाही मार्ग आहे, पण निम्म्याहून जास्त गाणी उतरवलेली असतील तरच. दोन गाण्यांच्या मध्ये मंचावर ट्यूनिंग करत बसणं श्रोत्यांनाही नकोसं होतं.

यातला खरा धोका वेगळाच आहे, कीबोर्डचं ट्रान्सपोजचं (पट्टी आपोआप बदलणारं) बटण. कीबोर्डवादक बटण दाबून बोटं जुन्याच जागी ठेवतो आणि तुम्हाला जुनीच कॉर्ड सांगतो. तो म्हणतो ‘ई’, वाजतं ‘ई फ्लॅट’. म्हणून त्याला कॉर्ड विचारू नका. ‘सा कुठला?’ असं विचारा आणि तो सूर वाजवून घ्या. यादीत प्रत्येक गाण्यापुढे मूळ पट्टी आणि तुमची पट्टी, दोन्ही लिहून ठेवा.

आमच्याकडे ड्रम नाहीत, ढोलक आणि तबला आहे. बेस नेमका कुठे ठेवायचा? (कोल्हापूर)

आठ मात्रांचा साधा केरवा घ्या : धा गे न ती, न क धि ना. डग्ग्याची घुमारी पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला येते. तिसरीपासून सहावीपर्यंत खालचा भाग मोकळा असतो. बेसला इथे दोन चांगल्या जागा आहेत. पहिल्या मात्रेला सा आणि पाचवीला पंचम वाजवलात तर डग्गा गप्प असतो तिथे तुम्ही बोलता, आणि ठेका भरलेला वाटतो. पहिली आणि सातवी धरलीत तर डग्ग्याबरोबरच पाऊल पडतं. ठेका जड होतो आणि समेकडे ओढ लागते. मुखड्याला पहिली रीत आणि अंतऱ्यातून मुखड्यावर परतताना दुसरी, असं करून पाहा, गाणं आपोआप उठतं.

सहा मात्रांच्या कोळीगीतांत पहिली आणि चौथी मात्रा पुरते.

सूर कुठे सुरू होतो याइतकंच तो कुठे थांबतो हेही महत्त्वाचं आहे, आणि हौशी वादक इथेच कमी पडतात. पहिल्या मात्रेचा सा दुसरी मात्रा संपताच डाव्या हाताची बोटं सैल करून तोडा. बोटं तारेवरून उचलू नका, नुसती सैल करा, नाहीतर मोकळी तार वाजते. तो सूर तसाच लांबवला तर पुढचे ढोलकचे बोल त्याखाली दबतात. मेट्रोनोम ८० वर लावून फक्त सुराची लांबी बदलत दहा मिनिटं सराव करा : एक मात्रा, दोन मात्रा, तीन मात्रा.

नोकरीमुळे आठवड्यात चारच तास मिळतात आणि महिनाभरात पंधरा गाणी बसवायची आहेत. (पिंपरी)

फोनच्या स्पीकरवर ऐकून गाणं उतरवू नका. त्या स्पीकरला बेसचा मूळ सूर झेपतच नाही. हेडफोन घ्या. पहिल्यांदा ऐकताना वाद्य बाजूला ठेवून फक्त आराखडा लिहा : सुरुवातीचं म्युझिक किती बार, मुखडा किती, अंतऱ्याआधीचा पीस किती, शेवट कसा. मंचावर बहुतेक चुका सुरांच्या नसतात, ‘आता अंतरा की परत मुखडा’ याच्या असतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर लिहा. तिसऱ्या फेरीत, ज्या दोन-तीन जागांमुळे गाणं ओळखू येतं, तेवढ्याच हुबेहूब उतरवा, वेग ७५ टक्क्यांवर आणून. बाकीचं तुमच्या पद्धतीने वाजवलंत तरी चालतं. पंधरापैकी सात-आठ गाण्यांना एवढी मेहनत पुरते.

जुन्या गाण्यांची मुद्रणं अनेकदा दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी बसतात. तेव्हा बेस त्यांच्याशी जुळवत बसू नका. फोनवरच्या वेग-सूर बदलणाऱ्या अ‍ॅपमध्ये गाण्याचाच सूर थोडा वर-खाली करून घ्या. सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटगीतांतला बेस मुद्दाम अभ्यासावा असा आहे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेसगिटार वाजवत. त्यांचं काम कान देऊन ऐकलं की गाण्याचा सगळा डौल कधीकधी बेसवर कसा तोललेला असतो ते कळतं. त्या जातीचा गोल, आखूड आवाज हवा असेल तर फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्यांच्या, गुळगुळीत) तारा लावा आणि ब्रिजजवळ (बॉडीवर तारा अडकवतात तिथे) तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा.

पावसाळा आला की माझ्या बेसवर पहिल्या चार-पाच फ्रेटना तार खरखरते. उन्हाळ्यात काहीच नसतं. (रत्नागिरी)

दमट हवेत लाकूड ओलावा धरतं आणि नेकचा (मानेचा) बाक बदलतो. काही नेक पुढे वाकतात, काही मागे जातात. खरखर फक्त खालच्या फ्रेटना असेल तर बाक कमी झाल्याचा संशय घ्यावा. बाराव्या फ्रेटच्या पुढेच असेल तर तारा फार खाली आहेत किंवा बाक जास्त आहे. एकाच फ्रेटला असेल तर तो फ्रेट उचलला गेलाय, ते काम कारागिराचं.

काही फिरवण्याआधी मोजा. बेस सुरात लावा आणि वाजवताना धरता तसाच धरा. ‘ई’ची तार पहिल्या फ्रेटला आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटला, अशी दोन ठिकाणी दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट पाहा. साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, ती असावी. फट नसेलच तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक सांभाळणारी सळई) सैल करायचा, घड्याळाच्या उलट दिशेने. जास्त असेल तर घट्ट करायचा, आणि त्याआधी तारा थोड्या उतरवायच्या. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ जाऊ द्या, परत मोजा. ट्रस रॉडचा नट जोर लावूनही फिरत नसेल तर तिथेच थांबा. तुटलेला ट्रस रॉड म्हणजे बहुधा नवा नेक.

बाक जुळल्यावर मगच तारांची उंची बघा : बाराव्या फ्रेटला ‘ई’ २.५ आणि ‘जी’ २ मिलिमीटर. सर्वांत शेवटी सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि त्याच फ्रेटला दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. हा क्रम उलटा केला तर सगळं दोनदा करावं लागतं. जून ते सप्टेंबर बेस बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वाजवून झालं की तारा खालच्या बाजूनेही पुसा. कोकणच्या हवेत तारा महिन्याभरात गंजतात त्या बहुधा घामामुळे.

मंडळाच्या कार्यक्रमात माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. (सांगली)

हे हलक्यात घेऊ नका, यात जीव जाऊ शकतो. बेसच्या तारा ब्रिजमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. दोघांपैकी एकाचं अर्थिंग तुटलेलं असेल, तर त्यांच्यातला विद्युतदाब तुमच्या हातातून ओठात जातो. साउंडचेकच्या आधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक ब्रिजला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्टपर्यंत ठीक. दहा-वीस किंवा त्याहून जास्त दाखवत असेल तर वाजवू नका, मंडपाच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. अँप आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या आणि तो बोर्ड ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) असावा असा आग्रह धरा.

आणि गुणगुण थांबवायला प्लगची जाड तिसरी पिन कधीही काढू नका. गुणगुण असेल तर डीआय बॉक्सवर (बेस मिक्सरला जोडणाऱ्या पेटीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. ते फक्त सिग्नलच्या वायरची जाळी सोडवतं, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं.

सराव केला की डाव्या मनगटात कळ येते. प्रत्येक फ्रेटला एक बोट ठेवतो, तसंच शिकलो. (डोंबिवली)

ती पद्धत वरच्या फ्रेटसाठी आहे. ३४ इंची बेसवर नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर जवळपास १८ सेंटिमीटर आहे. एवढा पंजा ताणून धरला की मनगट वाकतं आणि कळ येते. पाचव्या फ्रेटच्या खाली, म्हणजे नटच्या बाजूला, पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरा आणि त्यांत तीनच फ्रेट धरा. तिसरं बोट करंगळीला आधार देतं आणि पुढच्या सुरासाठी सगळा हात सरकतो. डबल बेसवाले असंच वाजवतात. पट्टा एवढा आखूड करा की बसून आणि उभं राहून बेस एकाच उंचीवर राहील. कळ विश्रांतीनेही जात नसेल किंवा बोटं बधिर होत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

माझ्या अ‍ॅक्टिव्ह बेसचा (ज्यात बॅटरीवरचं सर्किट असतं) आवाज कार्यक्रमाच्या मध्येच फाटायला लागला. (छत्रपती संभाजीनगर)

नऊ व्होल्टची बॅटरी संपत आली होती. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये केबल खोचलेली असली की सर्किट सुरूच राहतं, वाजवा अगर न वाजवा. म्हणून काम झालं की केबल बेसमधून काढा, नुसता अँप बंद करून भागत नाही. पेटीत एक नवी बॅटरी आणि तिचं झाकण उघडायचा स्क्रू ड्रायव्हर ठेवा. बेसवर अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हचा खटका असेल तर पॅसिव्हवर टाकून उरलेला कार्यक्रम पार पडतो. फक्त आवाजाची पातळी आणि टोन थोडे बदलतील, ते मिक्सरवाल्याला आधी सांगून ठेवा.