ओपीडी सोडू का, असं विचारलंस म्हणून

तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून थांबले. पेशंट बघत रहायचं का एमपीएच (पब्लिक हेल्थची मास्टर्स) करून आरोग्य धोरणाच्या कामात घुसायचं, बरोबर? न्यू जर्सीत आले तेव्हा मीही ह्याच घोळात होते, आणि तेव्हा एका बाईचं करिअर मी अगदी बारकाईने बघितलं, डॉ. रिसा लाविझो-मोरे. सिएटलच्या, आईवडील दोघंही डॉक्टर, स्वतः म्हाताऱ्या पेशंटच्या डॉक्टर. हार्वर्डला एमडी आणि मग चक्क व्हार्टनला एमबीए! डॉक्टरला एमबीए कशाला हवं असं मला तेव्हा वाटलेलं, आता नाही वाटत.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीचा 2002 चा 'अनइक्वल ट्रीटमेंट' रिपोर्ट आधी वाच, सगळा नाही तर निदान सारांश तरी. त्या समितीच्या दोन उपाध्यक्षांपैकी एक ह्या होत्या. त्यात म्हटलं होतं की इन्शुरन्स सारखा, उत्पन्न सारखं, तरी काळ्या आणि इतर अल्पसंख्याक पेशंटना कमी दर्जाचे उपचार मिळतात. हार्टची बायपास त्यांना कमी वेळा मिळते आणि डायबेटीसमुळे पाय कापण्याची वेळ मात्र जास्त वेळा येते. म्हणजे 'गरीब आहेत म्हणून होतं' ही पळवाट बंद. डॉक्टरच्या खोलीतच काहीतरी चुकतंय हे डॉक्टरांनीच लिहून दिलं, ते बाहेरच्याने बोललं असतं तर कोणी ऐकलंच नसतं.

2003 ते 2017 त्या प्रिन्स्टनच्या रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या, म्हणजे आरोग्याच्या कामांना पैसा देणाऱ्या संस्थेच्या, प्रमुख होत्या, तिथे पहिली बाई आणि पहिली काळी व्यक्ती. आता पैशाचं गणित बघ. 2007 ला त्यांनी मुलांच्या लठ्ठपणासाठी पाच वर्षांत 50 कोटी डॉलर जाहीर केले, ऐकून डोळे फिरतात, पण त्याच वर्षी अमेरिकेचा आरोग्यावरचा एकूण खर्च 2 लाख कोटी डॉलरच्या वर होता, म्हणजे हे दर्यामें खसखस. मग असा पैसा औषधं वाटण्यात घालवायचा नसतो, तो नियम बदलण्यात घालायचा, शाळेच्या जेवणात काय असावं, आकडे कसे मोजावेत, असल्या कंटाळवाण्या ठिकाणी. फाउंडेशनने काढलेल्या नकाशात न्यू ऑर्लिन्समधल्या जवळजवळच्या वस्त्यांत आयुर्मानाचा फरक तब्बल 25 वर्षांपर्यंत दिसला होता. असा एक नकाशा नगरपालिकेच्या टेबलावर ठेवला की भाषणाची गरज रहात नाही. (लठ्ठपणा काही गेला नाही हां, 2015 ला आणखी 50 कोटी जाहीर करावे लागले. मोठा पैसा म्हणजे मोठं यश असं समजू नकोस.)

मोजण्यावरून आठवलं, आपलं भारतीयांचंच घे. 1985 च्या अमेरिकी सरकारी रिपोर्टात सगळे एशियन एकत्र धरले आणि ते गोऱ्यांपेक्षाही तब्येतीने बरे निघाले! आता त्यात आपल्याकडचे डायबेटीसवाले कुठे दिसणार? ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यानंतर 2011 मधे आरोग्य खात्याच्या सर्वेक्षणांसाठी 'एशियन इंडियन' हा वेगळा रकाना आला. माझ्या पहिल्या नोकरीत मी हेच बोलले तर साहेब म्हणाले सॅम्पल छोटं पडेल, सोडून दे, आणि मी सोडून दिलं. अजून टोचतं ते.

तर तुझं. कोर्सला जा, पण बजेट आणि फायनान्सचा एक तरी पेपर घे, सगळे टाळतात तोच. आणि ओपीडी पूर्ण सोडू नकोस, लाविझो-मोरे फाउंडेशन चालवतानाही न्यू ब्रन्सविकच्या एका क्लिनिकमधे पेशंट बघायच्या. तू निदान शनिवारची तरी ठेव.

एसओपीचा (अ‍ॅडमिशनसाठी 'हा कोर्स का' ते लिहायचं असतं, त्याचा) ड्राफ्ट पाठव. 'मला समाजासाठी काहीतरी करायचंय' ह्या वाक्याने सुरुवात केली असशील तर ते आधी काढ, त्याऐवजी तुझ्या ओपीडीतला एक पेशंट लिही, नाव न घेता. रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करते.