नातवाचा गेम अडखळतो

प्रश्न : नातवाला वाढदिवसाला ४,००० रुपयांचा गेम घेतला. एकट्यानंच खेळायचा. गेममधल्या बाजारात शिरलं की चित्र अडखळतं, वर आतल्या वस्तूंना पुन्हा पैसे!
– एक आजोबा, रामबाग, इंदूर

उत्तर : आजोबा, तुमची चीड रास्त आहे. गर्दीतच अडखळत असेल तर बहुधा कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर दमतोय. पात्रांच्या हालचाली तोच सांभाळतो. त्यामुळे ग्राफिक्स, म्हणजे चित्राचा दर्जा, उतरवून फारसा फरक पडत नाही. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला धावू नका. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल, तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच सहज पैसे परत मिळतात. नातवाला आजच थांबवा. पूर्ण किंमत घेऊन आत पुन्हा गल्ला मांडणं मला मुळीच पटत नाही. एक रुपयाही देऊ नका. ‘शॅडो ऑफ वॉर’ या गेममधली अशी दुकानदारी टीकेनंतर २०१८ मध्ये काढावी लागली होती.