मे महिन्यातला आगगाडीचा केक

प्रश्न : मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला आगगाडीचा बिनअंड्याचा केक घरीच करायचाय. मागच्या मे महिन्यात केक कापताना भुगा झाला आणि क्रीम ओघळलं. काय चुकलं? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : भुगा होतो तो बहुतेक वेळा केक कोमट असतानाच सुरी लावल्यामुळे. केक आदल्या दिवशीच भाजा, पूर्ण गार करून गुंडाळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. प्रमाण : दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. नऊ बाय पाच इंचाच्या ब्रेडच्या साच्यात १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. सोडा घातल्यावर मिश्रण अजिबात फेटत बसू नका, केक चिवट होतो.

वरचा फुगवटा कापून टाका. अडीच-अडीच इंचाचे तीन तुकडे म्हणजे इंजिन आणि दोन डबे. उरलेल्या दीड इंचाच्या कापातून केबिन कापून इंजिनाच्या मागच्या टोकावर बसवा.

पुण्याच्या उन्हाळ्यात क्रीमचा हट्ट सोडाच. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि १०० ग्रॅम गरम क्रीम यांचं गनाश जास्त वेळ टिकतं. आधी पातळ थर द्या, २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग दुसरा जाड थर. म्हणजे कण वर येत नाहीत. चाकांना क्रीमची बिस्किटं छान दिसतात, पण ती ऐनवेळीच चिकटवा, नाहीतर मऊ पडतात. आणि केक फ्रिजबाहेर काढायचा तो पाहुणे जमल्यावरच.