शिवण उसवली तर?

"मॅडम, तारीख मिळाली त्या दिवसापासून डोळ्याला डोळा नाही. एवढी भीती वाटते, म्हणजे देवच नको म्हणतोय का?"

मी समुपदेशक आहे. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी माझ्याकडे येणारे बहुतेकजण हा प्रश्न कधी ना कधी विचारतात. कोणी देवाला मध्ये घालतं, कोणी पत्रिकेला, कोणी म्हणतं 'माझं मन खात्री देत नाही.' सुलभाताईंनी (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) देवाला घातलं, एवढंच.

त्या गोव्यातल्या, डिचोलीजवळच्या एका गावातल्या. वय ४३, घरी ब्लाऊज शिवायचा धंदा, नवरा पिकअप चालवतो, मुलगी बारावीला, सासूबाई घरात. वजन ११८ किलो, उंची १५६ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४८च्या पुढे. मधुमेह होता, रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून सीपॅपचं मशीन (मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं) मिळालं होतं. पहिला पाऊस पडून गेल्यावर त्या म्हापशाला आल्या, शुक्रवारी. पुढेही प्रत्येक वेळी शुक्रवारीच आल्या. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, त्यामुळे घरी 'बाजाराला जाते' एवढं सांगितलं की काम भागतं. जाताना पिशवीत खरोखरच मिरच्या आणि सुकं मासळं असायचं.

पहिल्या भेटीत मी चूक केली. त्या म्हणाल्या, "टेबलावरून उठलेच नाही तर?" आणि मी आकडा सांगितला. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेत दगावण्याचं प्रमाण साधारण हजारात एक, पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनइतकंच. आकडा बरोबर आहे. पण ताईंनी पदर सावरला आणि शांतपणे म्हणाल्या, "तो एक कोणीतरी असतोच ना, मॅडम. अप्पांच्या वेळी डॉक्टर असंच म्हणाले होते."

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. छातीत दुखलं म्हणून रात्री रुग्णालयात नेलं आणि सकाळी घरी आणलं ते चादरीखाली. ताई तेव्हा १९ वर्षांच्या होत्या. त्यांच्या मनात रुग्णालय म्हणजे आत जाण्याचं दार, बाहेर येण्याचं नाही. मी काय ऐकवत होते, तर टक्केवारी. तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते: माणूस कशाला घाबरलाय हे कळेपर्यंत आकडा तोंडातून काढायचा नाही. आणि 'काही होत नाही हो' हे तर कधीच म्हणायचं नाही. ते ऐकणाऱ्याला बरोबर समजतं की समोरच्याला आपलं ऐकून घ्यायचं नाही.

दुसऱ्या शुक्रवारी आम्ही भीती वेगवेगळी काढायला बसलो. एक कागद घेतला. भूल. टाके. लोक. आणि सगळ्यात खाली, बराच वेळ पेन हातात धरून, त्यांनी लिहिलं: रात्र.

रात्र म्हणजे काय हे सांगायला त्यांना अर्धा तास लागला. सगळे झोपले की त्या स्वयंपाकघरात जातात. दिवा लावत नाहीत. उरलेला भात, सकाळचे उंडे (गोव्याचे पाव), डब्यातला चिवडा, जे हाताला लागेल ते उभ्याउभ्या. पोट भरल्यावरही हात थांबत नाही, आणि मग सिंकपाशी उभं राहून रडू येतं. आठवड्यातून तीन-चार वेळा. सर्जनना, आहारतज्ज्ञांना, कोणालाच सांगितलं नव्हतं. "सांगितलं तर नाव कापतील."

इथे थोडं थांबून सांगते, कारण हा गैरसमज मोठा आहे. शस्त्रक्रियेआधी समुपदेशकाकडे पाठवतात ते पास-नापास करायला नाही. असं खाणं असेल, नैराश्य असेल, दारूचं प्रमाण वाढलेलं असेल, तर आधी त्यावर काम केलं की पुढचं सोपं जातं. न सांगता झालेल्या ऑपरेशननंतर ही सवय पुन्हा डोकं वर काढते, कारण जठर लहान झालं तरी रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात नेणारं दुखणं तसंच असतं. मी ताईंना म्हटलं, माझ्याकडून हे बाहेर जाणार नाही, पण तुम्ही स्वतः सर्जनना सांगावं असं मला वाटतं.

त्यांनी सांगितलं, आणि तारीख पुढे गेली. जुलैची होती, ती गणेश चवथीनंतरची मिळाली. पुढच्या शुक्रवारी ताई माझ्यासमोर बसल्या त्या रागानेच. "तुमचं ऐकलं आणि बघा." मी ऐकून घेतलं. त्यांचा राग रास्त होता. मनाची कशीबशी तयारी केली आणि ती तारीखच गेली, याचा त्रास होणारच.

मधल्या आठवड्यांत आम्ही रात्रीवर काम केलं. दिवसभर मशीनवर बसून त्या चहावर काढायच्या आणि 'डाएट' म्हणून दुपारी जेवायच्या नाहीत, हे लक्षात आलं. दुपारचं जेवण सुरू झालं, चारला मूठभर चणे, रात्री वेळेवर भात आणि हुमण (माशाची आमटी). रात्री खावंसं वाटेल तेव्हा कागदावर एक ओळ: काय झालं होतं त्या दिवशी? बऱ्याचदा उत्तर एकच यायचं, गिऱ्हाइकाने 'तुमच्या मापाचा ब्लाऊज तुम्ही कुठून आणता हो?' असं हसून विचारलेलं असायचं. दिवसभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या या बाईने स्वतःला टेप लावून सात वर्षं झाली होती.

रात्रीचं खाणं पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून तीन-चारवरून महिन्यातून एखाद्या वेळेवर आलं, आणि झालं की ताई दुसऱ्या दिवशी सांगू लागल्या.

मग टाक्यांची गोष्ट. त्यांची ठरली होती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, उरते केळ्याएवढी नळी. कापलेली कड स्टेपलरने जोडतात. ताईंना हे व्हिडिओवर दिसलं होतं आणि त्यांचा शिंप्याचा जीव तिथेच अडकला. "मॅडम, एवढी लांब शिवण. उसवली तर?"

मला हसू आलं नाही, कारण हा प्रश्न मी ऐकलेल्या प्रश्नांत सगळ्यात नेमका होता. शिवणीतून गळती होणं हा या ऑपरेशनचा खरा धोका आहे, शंभरात एकाच्या आसपास. पण उत्तर देणं माझं काम नव्हतं. प्रत्येक भीतीचा पत्ता वेगळा असतो, आणि सगळी पत्रं समुपदेशकाच्या दारात टाकली तर ती तिथेच पडून राहतात. मी म्हटलं, हा प्रश्न सर्जनना याच शब्दांत विचारा.

त्यांनी विचारला. सर्जन म्हणे आधी जरा थबकले, मग कागदावर चित्र काढून दाखवलं. टेबलावरच शिवण तपासली जाते. पहिल्या दिवसांत ताप, नाडी जोरात, पोटात वाढतं दुखणं असं काही झालं तर रात्र असली तरी फोन करायचा. आणि सुरुवातीचे आठवडे फक्त पातळ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचं. बाहेर आल्यावर ताई मला फोनवर म्हणाल्या, "म्हणजे नवी शिवण ताणायची नाही, एवढंच. हे मला कळतं. नवा ब्लाऊज पहिल्याच दिवशी ओढून घातला तर कोणाची शिवण टिकेल?" जे पथ्य इतके दिवस शिक्षा वाटत होतं ते त्यांच्या कामातलं निघालं. एवढं चांगलं मला कधीच सांगता आलं नसतं.

भुलेचा पत्ता अर्थातच भूलतज्ज्ञांचा. तीन प्रश्न लिहून नेले: नळी घशात असताना जाग येईल का, सीपॅप मशीन बरोबर आणू का, आणि डोळे उघडल्यावर समोर कोण असेल? तिसरा प्रश्न अप्पांचा होता, हे आम्हा दोघींना माहीत होतं. भूलतज्ज्ञ ऑपरेशन संपेपर्यंत बाजूलाच असतात, ऑक्सिजन, श्वास, रक्तदाब, हृदयाचे ठोके सतत बघत असतात, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. मशीन आणायला सांगितलं. शुद्धीवर येताना नवऱ्याला काही मिनिटं आत सोडतील, हेही ठरलं. दोघं आधी एकदा वॉर्ड बघून आले. कॉट कुठे, संडास कुठे, नवरा बसणार कुठे, हे बघून आल्यावर झोप थोडी परतली. झोपेआधी दहा मिनिटं चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, हे मी शिकवलं होतं. उपयोग झाला का विचारलं तर म्हणाल्या, "निम्म्यातच झोप लागते." म्हणजे झालाच.

चवथ आली. ताईंच्या हातच्या नेवऱ्या (करंज्या) वाड्यावर प्रसिद्ध. त्यांनी केल्या, खाल्ल्या, वाटल्या. आठवड्याभराने दोन आठवड्यांचा द्रव आहार सुरू झाला, तेव्हा नेवऱ्यांचा अर्धा डबा अजून फडताळात होता. त्या रात्री त्यांचा मला फोन आला, डबा समोर ठेवूनच. द्रव आहाराचं कारण त्यांना माहीत होतं: चरबीने सुजलेलं यकृत जठरावर पांघरुणासारखं पसरलेलं असतं, या आहाराने ते आकसतं आणि सर्जनना जागा मिळते. मधुमेहाच्या गोळ्याही डॉक्टरांनी कमी करून दिल्या होत्या. कारण माहीत असूनही डबा समोर होताच. मी विचारलं, कोण जागं आहे? मुलगी. डबा तिच्याकडे गेला आणि सकाळी कॉलेजला.

राहिले लोक. वाड्यावर काय सांगायचं? 'पोट कापून घेतलं' असं म्हणतील, 'तोंड आवरायला काय झालं होतं' म्हणतील. सासूबाईंना सांगितलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी पेजेची निवळ गाळायला नवं फडकं काढून ठेवलं. वाड्यावर मात्र ताईंनी सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. काही समुपदेशक याला लपवाछपवी म्हणतील. मी म्हणत नाही. आपल्या शरीराची बातमी कोणाला द्यायची हा ज्याचा त्याचा हक्क. घरात दोन माणसांना खरं ठाऊक असलं आणि डॉक्टरांपासून काही दडवलेलं नसलं की पुरे.

शस्त्रक्रियेच्या सकाळी भीती गेली नव्हती. नाडी १०४ होती, नर्सने सांगितलं. ताईंनी मागाहून सांगितलं की स्ट्रेचरवरून जाताना त्या छतावरच्या ट्यूबलाइट मोजत होत्या, अकरा होत्या. डोळे उघडले तेव्हा नवरा समोर होता आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, हे त्यांना पहिलं दिसलं. संध्याकाळी नर्सने चालायला उठवलं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, तेव्हा त्यांनी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

चार महिन्यांनी त्या आल्या, याही वेळी शुक्रवारी. २२ किलो उतरले होते, केस गळत होते (या काळात गळतात, बहुतेकांचे परत येतात), बी-१२ आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची पुडी पिशवीत होती. त्या गोळ्या आता कायमच्या. पण ताई आल्या होत्या वेगळ्याच अडचणीसाठी. वाड्यावरच्या दोन बायका मागे लागल्या आहेत.

"म्हणतात, हर्नियाच्या ऑपरेशनने एवढं वजन उतरतं? त्या डॉक्टरचं नाव दे बघू."

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, पुढच्या शुक्रवारी सांगते."