पूडलसाठी सर्टिफिकेट बदलू नकोस

अरे, पूडल हल्ल्याचा धोका आहे म्हणून सर्व्हरचं नवीन सर्टिफिकेट कशाला काढतोस? ते हार्टब्लीडमध्ये (ओपनएसएसएल लायब्ररीतल्या बगमध्ये) लागायचं, कारण तिथे सर्टिफिकेटची खासगी कीच फुटू शकत होती. पूडलचा दोष थेट एसएसएल ३.० मध्ये आहे, म्हणजे १९९६ च्या एन्क्रिप्शन प्रोटोकॉलमध्ये. ब्राउझर आणि सर्व्हरच्या मधला हल्लेखोर टीएलएसची (एसएसएलच्या नव्या वारसाची) जोडणी मुद्दाम पाडतो, ब्राउझर जुन्या एसएसएलवर उतरतो. मग सीबीसी या ब्लॉक एन्क्रिप्शन पद्धतीचं पॅडिंग (ब्लॉक पूर्ण करायला जोडलेले बाइट) नीट तपासलं जात नसल्याने सरासरी २५६ विनंत्यांत लॉगिन कुकीचा एकेक बाइट हाती लागतो. चिकाटीचं काम, पण जमतं!

एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये फक्त टीएलएस १.२ आणि १.३ ठेव. एकाच पोर्टवर अनेक साइट असतील तर डीफॉल्ट सर्व्हर ब्लॉकमध्येही हेच आहे का बघ, अनेक जण तिथेच फसतात. रीलोड करून एसएसएल ३.० बंद झालं का ते बाहेरून तपास. आणि हो, मेल सर्व्हरवरही ते बंद करायला विसरू नकोस.